हाडातील स्क्रू : भार कोण पेलतो?

प्रतिवर्षी या अहवालात आम्ही रुग्णालयाच्या कार्याच्या तपशिलाबरोबरच एखादा वैद्यकीय विषय आमच्या देणगीदारांसाठी, विश्वस्तांसाठी आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोप्या भाषेत मांडत असतो. यंदा आम्ही निवडलेला विषय वरकरणी अगदी लहान आहे. अस्थिरोग विभागात जवळजवळ रोज वापरला जाणारा, तळहातावर मावणारा स्क्रू. तो हाडात नेमके काय करतो, कशाने तुटतो, कशाने उपटला जातो आणि त्याच्या यशापयशाची जबाबदारी कोणाकडे जाते, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी खुब्याच्या अस्थिभंगाची शस्त्रक्रिया झालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना पाचव्या आठवड्यात पुन्हा तीव्र वेदना सुरू झाल्या. क्ष-किरण चित्रात दिसले, की मांडीच्या हाडाच्या गोलकात बसवलेला मोठा स्क्रू हाड कापत वर सरकला होता. दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो काढावा लागला. त्यांच्या मुलाने तो मागून घेतला, रुमालात गुंडाळून आमच्यासमोर ठेवला आणि विचारले, “डॉक्टरसाहेब, माल हलका होता का? पैशाकडे तर आम्ही पाहिलं नव्हतं.” या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर लेखाच्या ओघात पुढे येईलच. ते समजण्यासाठी आधी स्क्रूचे काम समजून घेतले पाहिजे.

धाव आणि चाक

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हाडातील स्क्रूचे निम्मे शास्त्र आधीच ठाऊक आहे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात. ती तापवली की प्रसरण पावते, मग ती चाकावर चढवून वर पाणी ओततात. थंड होताना लोखंड आक्रसते आणि चाकाचे सुटे लाकडी भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात. यापुढे धाव कायम ताणलेली राहते आणि लाकूड कायम दाबलेले राहते. गाडीचा भार मात्र मुख्यतः लाकूडच वाहते. धाव त्याला एकजीव ठेवते.

मोडलेल्या हाडाचे दोन तुकडे जोडणारा स्क्रू हेच करतो. अलीकडच्या तुकड्यात स्क्रूच्या आट्यांइतके रुंद भोक पाडतात, म्हणजे तेथे आटे पकडत नाहीत. पलीकडच्या तुकड्यात बारीक भोक पाडून आटे रुतवतात. स्क्रू पिळला, की त्याचे डोके अलीकडचा तुकडा दाबते, आटे पलीकडचा तुकडा ओढून घेतात आणि भंगाची फट मिटते. या क्षणी स्क्रू ताणलेला असतो आणि हाड दाबलेले असते. रुग्ण पाऊल टाकतो तेव्हा शरीराचा भार एकमेकांवर घट्ट बसलेल्या हाडांतून खाली जातो. स्क्रूला नवा भार फारसा पेलावा लागत नाही. भार भंगाच्या रेषेवर सरळ दाबणारा असेल, तर स्क्रूमधील ताण उलट किंचित कमीच होतो.

या दाबाचे महत्त्व बेल्जियममधील शल्यचिकित्सक रॉबर्ट डॅनिस यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. घट्ट दाबून स्थिर ठेवलेले हाड बाहेरून गाठ न धरताही सांधते, हे त्यांनी दाखवले. पुढे १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिभंगाच्या अभ्यासासाठी मंडळ स्थापन केले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या स्क्रूंची मापे, हत्यारे आणि बसवण्याच्या पद्धती मुख्यतः या मंडळाच्या कार्यातून प्रमाणित झाल्या.

एका स्क्रूचा हिशेब

आता थोडे आकडे पाहू. गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण येथे भागाकाराच्या पलीकडे काहीच नाही.

मोठ्या हाडाच्या कठीण बाह्य कवचात वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या स्क्रूचा आट्यांसह व्यास ४.५ मिलिमीटर असतो. परंतु आटे वगळून मधला गाभा जेमतेम ३ मिलिमीटरचा असतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर भरते. चांगल्या हाडात असा स्क्रू नीट पिळला, तर तो दोन तुकड्यांना साधारण २०० ते ३०० किलो वजनाइतक्या जोराने दाबू शकतो. आपण २५० किलो धरू. म्हणजे गाभ्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे ३५ किलोचा ताण आला. शस्त्रक्रियेसाठी वापरले जाणारे, थंड अवस्थेत ताणून कठीण केलेले गंजरोधक पोलाद कायमचे वाकण्यापूर्वी प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ७० किलोचा ताण सोसते. अर्थात धातूची निम्मीच ताकद वापरली गेली.

आता हाडाची बाजू पाहू. स्क्रू उपटला जातो तेव्हा आट्यांच्या बाहेरील कडेने हाडाची एक नळी कातरली जाते. कवचाची जाडी ५ मिलिमीटर असेल, तर त्या नळीच्या भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मिलिमीटर होते आणि २५० किलोचा भार तिच्यावर प्रति चौरस मिलिमीटर साडेतीन किलोने पडतो. निरोगी कठीण हाडाची कातर सोसण्याची क्षमता साधारण साडेसहा ते सात किलो आहे. येथेही निम्मी ताकद शिल्लक राहिली.

पण वय वाढले, हाडे विरळ झाली आणि कवचाची जाडी निम्मी म्हणजे अडीच मिलिमीटर झाली, तर तोच भार निम्म्या भिंतीवर येतो. ताण सात किलोवर, म्हणजे हाडाच्या मर्यादेलाच जाऊन भिडतो. विरळ झालेल्या हाडाची मर्यादाही खाली आलेली असते. हा हिशेब ढोबळ आहे. आट्यांच्या आकारामुळे प्रत्यक्ष ताण याहून काहीसा अधिकच असतो. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष पक्का आहे. स्क्रू तोच, पोलाद तेच, पिळणारा हातही तोच. तरुणाच्या हाडात जो जोर योग्य, तोच वृद्धाच्या हाडात आटे फाडणारा ठरतो.

म्हणूनच “आणखी एक पिळ द्या” हा सल्ला सुताराकडे चालतो, शस्त्रक्रियागृहात नाही. यंत्रातील साध्या बोल्टमध्येही पाना फिरवण्याच्या जोरातील जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. उरलेला डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. त्यामुळे हाताला लागणारा जोर हे आतल्या दाबाचे विश्वसनीय माप नव्हे. शल्यचिकित्सकाच्या बोटांना आटे सुटण्याच्या आधीची नरमाई ओळखावी लागते. एकदा ते फाटले, की त्या भोकात तोच स्क्रू पुन्हा धरत नाही.

जोर, वाक आणि थकवा

मग स्क्रू कधी तुटतच नाही काय? तुटतो. पण सहसा एका झटक्याने नाही. लोखंडी तार आपण ओढून तोडू शकत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवून सहज तोडतो. धातूच्या या गुणास थकवा म्हणतात. स्क्रूच्या आट्यांच्या तळाशी असलेली बारीक खाच ही थकव्याची आवडती जागा, कारण तेथे ताण एकवटतो. शिवाय वाक सोसण्याची ताकद गाभ्याच्या व्यासाच्या घनावर अवलंबून असते. व्यास दुप्पट केला तर ती आठपट होते आणि व्यास थोडासा घटला तरी ती पुष्कळच घटते.

भंगाची फट मिटलेली असेल, तर भार हाडातून जातो आणि स्क्रूला फारसे वाकावे लागत नाही. फट उघडी राहिली, तर प्रत्येक पावलाला स्क्रू किंवा पट्टी थोडी वाकते. रोज पाच हजार पावले चालणाऱ्या माणसाचा एक पाय अडीच हजार वेळा जमिनीवर टेकतो. तीन महिन्यांत ही संख्या सव्वादोन लाखांवर जाते. एवढी आवर्तने सोसण्याची धातूला हौस नसते. अस्थिभंगाचा उपचार ही म्हणूनच एक शर्यत असते. एकीकडे हाड सांधत असते, दुसरीकडे धातू थकत असतो. हाड आधी सांधले, तर स्क्रू आयुष्यभर निरुपद्रवी पाहुणा म्हणून राहतो. ते रखडले, तर कितीही महागडा स्क्रू अखेर हरतो.

स्क्रूने दिलेला दाब कायम टिकतो असेही नाही. स्टेफान पेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मेंढ्यांच्या हाडांवर प्रयोग केले. जिवंत हाडावरचा दाब एकदम नाहीसा होत नाही. तो हळूहळू उतरत सुमारे दोन महिन्यांत निम्म्यावर येतो, असे त्यांना आढळले. निसर्गाने आपल्याला मुदत दिली आहे, पण ती मोजकी आहे.

खुब्याचा स्क्रू

आता आजींच्या खुब्याकडे वळू. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोलक असतो, तो तिरप्या मानेने हाडाच्या दांड्याला जोडलेला असतो. वृद्धांच्या खुब्याचा अस्थिभंग बहुधा या मानेत किंवा तिच्या मुळाशी होतो. मुळाशी झालेल्या भंगासाठी वापरला जाणारा सरकता स्क्रू पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेला आहे. त्याचे आट्यांचे टोक साडेबारा मिलिमीटर व्यासाचे आणि बावीस मिलिमीटर लांबीचे असते. ते गोलकात रुतते. मागचा आठ मिलिमीटरचा गुळगुळीत दांडा पट्टीच्या नळीत मोकळा सरकतो. रुग्ण उभा राहिला, की भारामुळे गोलक खाली दाबला जातो, दांडा नळीत सरकतो आणि भंगाचे पृष्ठभाग एकमेकांवर बसतात. रुग्णाचे वजनच येथे औषधाचे काम करते.

खुब्यावर येणारा भार मात्र आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ अधिक असतो. जर्मनीत संशोधकांनी मापनयंत्र बसवलेले कृत्रिम सांधे वापरून तो प्रत्यक्ष मोजला आहे. साध्या चालण्यात तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतो आणि एका रुग्णाच्या अडखळण्यात तो आठपटींहूनही वर गेला होता. साठ किलोच्या व्यक्तीच्या गोलकावर चालताना दीडशे किलो येतात. हा भार स्क्रूच्या रेषेपासून तीस अंश तिरपा धरला, तर त्यातील सुमारे १३० किलो स्क्रूच्या दिशेने जातात आणि भंग मिटवतात. हा हितकारक भाग. उरलेला ७५ किलोचा आडवा घटक स्क्रूला वाकवू पाहतो आणि आट्यांखालचे जाळीदार हाड चिरडू पाहतो.

आट्यांच्या टोकाची सावली जेवढ्या जागेवर पडेल, तेवढीच जागा हा आडवा भार झेलते. साडेबारा गुणिले बावीस म्हणजे सुमारे २७५ चौरस मिलिमीटर. भागाकार केला तर प्रति चौरस सेंटिमीटर २७ किलो. पोलादाला याची दखलही घ्यावी लागत नाही. पण गोलकातील विरळ झालेले जाळीदार हाड केवळ काही दहा किलो सोसणारे असते. एखाद्या अडखळण्यात हा आकडा तिप्पट झाला, की ओल्या मातीत खुंटी सरकावी तसा स्क्रू हाडातून वर सरकतो. त्याला काहीच होत नाही, हाड मात्र हरते.

म्हणून येथे प्रश्न स्क्रू किती मजबूत आहे हा नसून तो कोठे बसला आहे हा असतो. गोलकाच्या मध्यभागी, सांध्याच्या पृष्ठभागाजवळ हाडाचे जाळे सर्वांत दाट असते. टोक तेथपर्यंत पोचले पाहिजे. अमेरिकेतील बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली यासाठी एक साधे माप सुचवले. समोरून व बाजूने घेतलेल्या दोन क्ष-किरण चित्रांत स्क्रूचे टोक गोलकाच्या माथ्यापासून किती दूर आहे ते मोजायचे आणि दोन्ही अंतरांची बेरीज करायची. चित्र मूळ आकारापेक्षा मोठे येते, पण दांड्याचा खरा व्यास ठाऊक असल्याने ती वाढ वजा करता येते. त्यांच्या पाहणीत ज्या १२० स्क्रूंची बेरीज २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी होती, त्यांतील एकही हाड कापून बाहेर आला नाही.

रुमालातील स्क्रूचे उत्तर

आजींचा स्क्रू आम्ही मुलासमोर मोजला. तो वाकलेला नव्हता. त्याचे आटे शाबूत होते. माल हलका नव्हता. मग आम्ही पहिल्या शस्त्रक्रियेची चित्रे काढून बेरीज केली. ती ३४ मिलिमीटर आली. समोरच्या चित्रात स्क्रू उत्तम दिसत होता. बाजूचे चित्र त्या दिवशी अस्पष्ट आले होते आणि ते पुन्हा घेण्याचा आग्रह आम्ही धरला नव्हता. तेथेच चूक झाली होती आणि ती आमची होती.

हे आम्ही त्या मुलास सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आईला चालू-फिरू नको म्हणून आम्हीच ओरडत होतो. तिचाच दोष समजत होतो.” हे ऐकून आम्हांस जे वाटले ते येथे लिहिण्याची गरज नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेत आजींना कृत्रिम सांधा बसवण्यात आला, त्याचा खर्च रुग्णालयाने सोसला आणि त्या वॉकर घेऊन घरी गेल्या. परंतु त्या वयात दोनदा भूल घ्यावी लागणे ही लहान शिक्षा नव्हे.

त्यानंतर विभागात एक नियम झाला. खुब्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंची स्पष्ट चित्रे मिळाल्याशिवाय जखम शिवली जात नाही. बेरीज दुसरा शल्यचिकित्सक करतो आणि तो आकडा केसपेपरवर लिहितो. ती पंचविसाहून अधिक आली, तर रुग्ण टेबलावर असतानाच स्क्रूची जागा सुधारली जाते. यात दहा-पंधरा मिनिटे अधिक जातात.

नातेवाइकांसाठी

“पाय टेकवायचा की नाही?” हा आम्हांस सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. वरील विवेचनावरून लक्षात येईल, की त्याचे सरसकट उत्तर नाही. खुब्याच्या नीट बसलेल्या सरकत्या स्क्रूनंतर वृद्ध रुग्णास आम्ही शक्य तेवढ्या लवकर, अनेकदा दुसऱ्याच दिवशी, आधार देऊन उभे करतो. ती रचनाच भार घेण्यासाठी केलेली असते आणि अंथरुणात पडून राहण्याने होणाऱ्या शय्याव्रण, न्यूमोनिया व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका अधिक असतो. याउलट घोटा किंवा गुडघ्याजवळचे हाड बारीक स्क्रूंनी जोडले असेल, तर काही आठवडे भार न देणे हाच उपचाराचा भाग असतो. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला चालताना पाहून आपल्या रुग्णास चालवू नये. आपल्या शस्त्रक्रियेपुरता नियम विचारून घ्यावा आणि तो केसपेपरवर लिहून मागावा. घरात मात्र सर्वांनीच एक गोष्ट करावी. ओल्या मोरीत पायपुसणे, रात्री दिवा आणि वाटेतील उंबऱ्याजवळ धरायला आधार ठेवावा. अडखळण्याचा भार चालण्याच्या तिप्पट असतो, हे आपण पाहिलेच आहे.

स्क्रू कोणत्या धातूचा आणि कोणत्या तुकडीतील आहे याची नोंद असलेली चिठ्ठी डिस्चार्जच्या कागदांबरोबर जपून ठेवावी. आपल्या देशात २००५ साली अस्थिरोपणे औषध कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली आणि २०१८ च्या प्रारंभापासून वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम लागू झाले. पुढे कधी शंका उद्भवली, तर स्क्रूचा मागोवा या चिठ्ठीवरूनच घेता येतो.

देणगीदारांसाठी

आमचे अनेक दाते विचारतात, की उत्तम प्रतीच्या स्क्रूंसाठी देणगी द्यावी काय. प्रमाणित माल आम्ही घेतोच आणि त्यासाठीचे साहाय्य कृतज्ञतेने स्वीकारतो. परंतु वरील हिशेबाचा अर्थ असा, की स्क्रूहून अधिक निर्णायक गोष्टी त्याच्या आसपास असतात. शस्त्रक्रिया चालू असताना स्पष्ट चित्र दाखवणारे सी-आर्म यंत्र आणि त्याची वेळेवर होणारी दुरुस्ती, ठरावीक जोरापलीकडे न पिळणारे पाने, वेळीच बदलली जाणारी धारदार गिरमिटे, हाडांच्या घनतेची तपासणी आणि रुग्णाच्या घरी जाऊन त्यास चालायला शिकवणारा भौतिकोपचारतज्ज्ञ. यांपैकी कशावरही दात्याच्या नावाची पाटी शोभून दिसणार नाही. तरीही आजींच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशी कमी पडले होते ते एक स्पष्ट चित्र, आणि ते आग्रहाने मागणारा आमचा आवाज. चित्राची उणीव आपल्या साहाय्याने भरून निघते. आवाजाची जबाबदारी आमची आहे.

तो स्क्रू मुलाने परत नेला नाही. आज तो विभागाच्या कपाटात आहे. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरच्या हाती तो प्रथम देण्यात येतो आणि विचारले जाते, यात दोष शोधा. बराच वेळ न्याहाळून ते सांगतात, की यात दोष नाही. मग त्यांच्यासमोर ती दोन चित्रे ठेवली जातात.